वाटप झालं, बॅटरी कोण बदलणार?

दिव्यांगांना साहित्यवाटपाचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. रांगेत नव्याकोऱ्या तीनचाकी, मागे बॅनर आणि बॅनरवर पाहुण्यांचे भलेमोठे चेहरे. इंटर्नशिपच्या पहिल्याच महिन्यात अशा एका शिबिराची बातमी मीही केली. आकडा हेडिंगमध्ये, फोटो चार कॉलम. झालं काम!

मग कॉलेजातला एक ज्युनिअर भेटला. अशाच एका शिबिरात मिळालेली बॅटरीवरची तीनचाकी त्याच्या पडवीत आठ महिने नुसती उभी आहे. बॅटरी गेली. नवी घ्यायची तर काही हजार रुपये, आणि दुरुस्ती जिल्ह्याच्या ठिकाणी. आता मला सांगा, बंद पडलेली गाडी जिल्ह्याला न्यायची कशी? टेम्पो करून! तो हसत हसत सांगत होता. सध्या तो भावाच्या बाइकवरून कॉलेजला येतो. म्हणजे भावाला वेळ असेल तेव्हा.

योजना वाईट नाही, हे आधीच सांगते. केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून सुरू आहे. ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असेल आणि उत्पन्नाच्या अटीत बसलात, तर व्हीलचेअर, श्रवणयंत्र, अंध विद्यार्थ्यांना स्मार्टफोनसुद्धा मिळतो. २०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले.

पण आपण मोजतो काय, तर वाटलेल्या वस्तू. दोन वर्षांनी त्यातल्या किती वापरात आहेत, हे कोण विचारतं? (मीही विचारलं नव्हतं.) श्रवणयंत्र काही घड्याळ नव्हे, हातात दिलं की संपलं. ते ज्याच्या-त्याच्या ऐकण्यानुसार जुळवावं लागतं, सेल बदलावे लागतात, मूल वाढलं की कानातला साचाही नवा लागतो. एका दिवसाच्या शिबिरात हे कसं बसणार?

माझं म्हणणं साधं आहे. तीनचाकीचं वायरिंग, बेअरिंग, वेल्डिंग ही कामं तालुक्याच्या आयटीआयमधली पोरं शिकतातच. तिथेच दुरुस्ती केंद्र का नको? पैशांचं म्हणाल, तर आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तुमच्या ग्रामपंचायतीने तो कशावर खर्च केला, विचारलंय कधी?

ज्युनिअर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हेच विचारणार आहे. प्रश्न लिहून तयार आहे. सभा पहिल्या मजल्यावर भरते, तेवढं काय करायचं ते ठरतंय.