उत्तर द्यायला मोजके क्षण

नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वी त्याची चर्चा होते, चित्रपट लागण्यापूर्वी होते आणि त्या चर्चेत घरातील मोठी माणसेही हौसेने भाग घेतात. परंतु आपल्याच घरातील तरुण मुलांमध्ये आणखी एक चर्चा अखंड चालू असते, जिच्याकडे वडीलधाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. ती असते अद्याप बाजारात न आलेल्या व्हिडिओ गेमची. गेम कधी येणार, नायक कसा असणार, कथा कोठे घडणार, यावर मुले तासन्‌तास बोलतात. जी वस्तू अजून तयारच झालेली नाही, तिच्याविषयी इतके बोलण्यासारखे असते तरी काय, असा प्रश्न पालकांना पडणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर आज एका जुन्या उदाहरणातून शोधू या. जुने उदाहरण अशासाठी की, त्यातील प्रतीक्षा, प्रत्यक्ष गेम आणि गेमचे पुढचे नशीब हे सारे आता आपल्यासमोर उलगडलेले आहे.

२००८ साली ‘अल्फा प्रोटोकॉल’ या गेमची घोषणा झाली. तो तयार करणारी ‘ऑब्सिडियन एंटरटेनमेंट’ ही अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील अर्व्हाइनची संस्था २००३ साली स्थापन झालेली, आणि प्रकाशक होते जपानचे ‘सेगा’. हा गेम ‘रोल-प्लेइंग’ प्रकारचा, म्हणजे भूमिका वठवण्याचा खेळ होता. या प्रकारात खेळाडू एखादे पात्र स्वीकारतो, त्याचे गुण हळूहळू वाढवतो आणि कथेच्या वळणांवर त्याच्या वतीने निर्णय घेतो. असे खेळ त्या काळी बहुधा तलवारी आणि जादूगारांच्या जगात किंवा दूरच्या ग्रहगोलांवर घडत. येथे मात्र आजचे जग होते आणि नायक होता एक गुप्तहेर. एवढ्या एका बदलाने चाहत्यांचे कुतूहल चाळवले.

कथेचा गाभा थोडक्यात असा. एक प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडले जाते. मायकेल थॉर्टन नावाच्या नवख्या हेराला तपासासाठी सौदी अरेबियात पाठवले जाते. तेथे त्याला कळून चुकते की, ज्यांनी आपल्याला पाठवले त्यांच्यावरही विश्वास ठेवता येणार नाही. मग एकाकी पडलेला थॉर्टन रोम, मॉस्को आणि तैपेई या शहरांत स्वतःच्या हिमतीवर धागेदोरे शोधत फिरतो. कोणत्या शहरात आधी जायचे, हे खेळाडू ठरवतो आणि एका ठिकाणी मिळालेल्या माहितीचा परिणाम दुसऱ्या ठिकाणी दिसतो.

घोषणेपासून गेम हाती येईपर्यंत दोन वर्षे गेली. एवढ्या अवधीत चाहते काय बोलत होते? त्यांच्या बोलण्यात दोन भीती होत्या आणि एक मोठी आशा होती.

पहिली भीती कर्त्यांच्या पूर्वेतिहासातून आली होती. याच संस्थेने २००४ साली ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातील एक गेम तयार केला होता. लेखनाच्या दृष्टीने तो फार वाखाणला गेला. पण वेळेच्या रेट्यामुळे त्याचा उत्तरार्ध अपुरा राहिला, हे खेळणाऱ्यांना ठाऊक होते. त्यामुळे या वेळी काम पूर्ण होईल ना, ही शंका प्रत्येक चर्चेच्या तळाशी होती. दुसरी भीती तुलनेची होती. ‘मास इफेक्ट’ या गेमने २००७ साली संभाषण आणि गोळीबार यांचा मेळ घालून दाखवला होता. ‘अल्फा प्रोटोकॉल’ ऑक्टोबर २००९ मध्ये येणार असे ठरले होते, पण तो २०१० वर ढकलला गेला आणि मधल्या काळात, जानेवारी २०१० मध्ये, ‘मास इफेक्ट’चा दुसरा, अधिक सफाईदार भाग बाजारात आला. उशिरा येणाऱ्या पाहुण्याची तुलना आधी येऊन बसलेल्याशी होणारच होती.

आशा मात्र या दोन्ही भीतींपेक्षा मोठी होती आणि ती होती संभाषणाविषयीची. कर्त्यांनी सांगितले होते की, समोरचा माणूस बोलत असताना पडद्यावर वेळ धावत राहील आणि तो संपण्यापूर्वी आपल्याला उत्तराचा पवित्रा निवडावा लागेल. पवित्रे मुख्यतः तीन : आर्जवी, व्यावसायिक आणि आक्रमक. जेम्स बाँड, जेसन बोर्न आणि जॅक बाउर या तीन प्रसिद्ध हेरनायकांचे स्वभाव त्यामागे होते. तिघांच्याही नावांची आद्याक्षरे सारखीच असल्याने ही त्रिमूर्ती चाहत्यांच्या तोंडी लगेच बसली. नायक नेमके कोणते वाक्य बोलेल, हे आधी दिसणार नव्हते. पडद्यावर स्वभाव सांगणारा एखाद-दुसरा शब्द तेवढा दिसणार होता.

येथे मूळ वाद सुरू झाला. अशा बहुतेक खेळांत खेळाडूला एक सवलत असते. महत्त्वाच्या क्षणाआधी तो आपली प्रगती ‘सेव्ह’ करून ठेवतो, एक उत्तर देऊन पाहतो आणि परिणाम आवडला नाही तर मागे जाऊन दुसरे उत्तर देतो. त्यामुळे निर्णयाला वजन उरत नाही. वेळेचे बंधन घातले तर वाचून, समजून, शांतपणे निवड करण्याचा आनंद हिरावला जाईल, असे एका बाजूचे म्हणणे. खऱ्या हेराला तरी विचार करायला कोठे अवधी मिळतो, असे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही बाजूंना खरे तर एकच गोष्ट हवी होती : आपण जे निवडू त्याची कथेने दखल घ्यावी. ‘आमच्या निर्णयाला काही अर्थ असेल का?’ हा त्या दोन वर्षांचा खरा प्रश्न होता. एखाद्या खेळाविषयी तरुणांनी यापेक्षा गंभीर प्रश्न विचारावा, अशी आपण तरी काय अपेक्षा करणार?

मे २०१० मध्ये युरोपात आणि जूनच्या आरंभी अमेरिकेत गेम आला. चाहत्यांच्या भीती बऱ्याच अंशी खऱ्या ठरल्या. बंदुकीचा नेम पडद्यावर अचूक लागलेला दिसे, तरी नायकाचे कौशल्य कमी असेल तर गोळी भलतीकडे जाई. भूमिकाप्रधान खेळाच्या नियमाने ते योग्य होते, पण हाताला ते अन्यायाचे वाटे. शत्रूचे पहारेकरी कधी आंधळ्यासारखे, तर कधी सर्वज्ञासारखे वागत. तांत्रिक त्रुटीही पुष्कळ होत्या. समीक्षकांची मते विभागली गेली, विक्री प्रकाशकांच्या अपेक्षेस उतरली नाही आणि पुढचा भाग काढणार नसल्याचे ‘सेगा’ने त्याच वर्षी सांगून टाकले.

पण ज्या एका गोष्टीसाठी चाहत्यांनी दोन वर्षे वाट पाहिली होती, ती त्यांना मिळाली होती. हवे तेव्हा ‘सेव्ह’ करण्याची मुभा येथे नव्हती. ठरावीक टप्प्यांवर गेम स्वतःच नोंद करी. संभाषण सुरू झाले की ते शेवटपर्यंत निभवावे लागे. सौदी अरेबियातील मोहिमेच्या शेवटी अली शाहीद हा शस्त्रधारी गटाचा म्होरक्या थॉर्टनच्या हाती लागतो. त्याला ठार करायचे, अटक करायची की सोडून द्यायचे, हे खेळाडूने ठरवायचे असते आणि त्या निर्णयाचे पडसाद पुढे दूरवर उमटतात. रोममध्ये तर याहून कठीण प्रसंग येतो. एका बाजूला ओलीस धरलेली, नायकाच्या ओळखीची तरुणी आणि दुसऱ्या बाजूला संग्रहालयात पेरलेले स्फोटक बाँब. दोन्ही वाचवण्याचा मार्ग गेमने ठेवलेलाच नाही. परिचित एका जिवाला वाचवावे की अनोळखी अनेकांना, या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही, आणि उत्तर टाळण्याचीही सोय नाही.

आणखी एक गोष्ट विलक्षण होती. आपल्याशी लोक कसे वागतात, हे आपल्या बोलण्यावर ठरे. कोणाला आर्जव आवडे, कोणाला स्पष्टपणा, तर कोणाला खुशामतीची चीड असे. समोरच्या व्यक्तीची माहिती आधी मिळवून ठेवली असेल तर संभाषणात नवी दारे उघडत. म्हणजे चांगले बोलण्यासाठी आधी समोरच्याला जाणून घ्यावे लागे. शिवाय पहारेकऱ्यांपैकी बहुतेकांना जिवे न मारता, गुंगीच्या बाणाने किंवा केवळ हातांनी निष्प्रभ करून पुढे जाणे शक्य होते. तो मार्ग अधिक संथ, अधिक संयमाचा होता. पण खुला होता. या साऱ्या कथेला एक चौकट आहे : आपला शत्रू असलेला एक बडा उद्योगपती समोर बसून थॉर्टनला त्याच्या एकेका कृत्याविषयी विचारतो आहे. खेळाडूने सहज घेतलेला निर्णय काही वेळाने जाब बनून त्याच्यापुढे येतो.

मग या गेमचे यश मानावे की अपयश? २०१० मध्ये उत्तर सोपे वाटले होते. नेम चुकतो, पहारेकरी विचित्र वागतात, या गोष्टी पहिल्या तासातच दिसतात आणि त्यांना गुण देणे सोपे असते. रोममध्ये घेतलेल्या निर्णयाचे ओझे मात्र गेम संपल्यावर, आणि खरे तर तो दुसऱ्यांदा वेगळ्या स्वभावाने खेळल्यावरच कळते. ज्या गुणाची ओळख पटायला वेळ लागतो, त्याची पहिल्या परीक्षेत उपेक्षा होते, हा अनुभव केवळ खेळांपुरता नाही. पुढे वर्षे लोटली, तशी गोळीबाराची तक्रार मागे पडत गेली आणि निवडीला खरे वजन देणाऱ्या खेळांचा विषय निघाला की ‘अल्फा प्रोटोकॉल’चे नाव आदराने घेतले जाऊ लागले.

त्याचे नशीब तेवढ्यावर थांबले नाही. २०१९ च्या जूनमध्ये हक्कांची मुदत संपल्यामुळे तो ‘स्टीम’ या मोठ्या ऑनलाइन दुकानातून काढून घेण्यात आला. पुस्तक छापणे बंद झाले तरी ते ग्रंथालयात किंवा रद्दीच्या दुकानात सापडते. केवळ आंतरजालावर विकली जाणारी कलाकृती मात्र एका कराराच्या शेवटाबरोबर नव्या वाचकाच्या, नव्या खेळाडूच्या दृष्टीआड होऊ शकते. मार्च २०२४ मध्ये ‘जीओजी’ या जुन्या खेळांचे जतन करणाऱ्या दुकानाने तो पुन्हा विक्रीस आणला. मधली जवळजवळ पाच वर्षे त्याची आठवण ज्यांनी टिकवली, त्यांत २००८ पासून त्याच्याविषयी बोलणारे ते चाहतेही होते. एरवी वेळेचा अपव्यय वाटणारी ही बोलण्याची हौस कधी कधी एखादी कलाकृती जिवंत ठेवते.

हे सारे वाचून कोणी असा समज करून घेऊ नये की हा गेम मुलांच्या हाती निःशंकपणे द्यावा. त्यात हिंसा आहे, प्रौढांसाठीचे प्रसंग आणि भाषा आहे. अमेरिकेतील मानांकनाप्रमाणे तो १७ वर्षे आणि त्यापुढील वयासाठीच आहे. हेरगिरीचा धंदाच मुळी फसवणुकीचा. त्याचे आकर्षण अजाण वयात घातक ठरू शकते. वेष्टनावरील वयोमर्यादा वाचणे, हे औषधाच्या बाटलीवरील सूचना वाचण्याइतकेच आवश्यक आहे, आणि ते काम पालकांचेच आहे. शिवाय गेम अखेर गेम असतो. त्यातील निर्णय चुकला तर सारा खेळ पहिल्यापासून मांडता येतो, ही सवलत संसारात कोणालाच नाही.

तरीही पालकांनी घ्यावे असे यात काही आहे. मुले आगामी गेमविषयी बोलत असतात, तेव्हा आपला पहिला प्रश्न बहुधा ‘किती पैसे?’ किंवा ‘किती तास वाया घालवणार?’ असा असतो. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांनी संवाद संपतो. त्याऐवजी विचारून पाहावे : या गेममध्ये तुला काय ठरवावे लागेल? ते चुकले तर काय होईल? कोणाला न दुखावता पुढे जाण्याची वाट त्यात आहे का? ज्याने दोन वर्षे एखाद्या गेमची वाट पाहिली आहे, त्याच्याजवळ या प्रश्नांची उत्तरे असतात आणि ती ऐकताना आपल्या मुलाचे मन कोणत्या दिशेने विचार करते, हे आपल्याला नकळत समजून जाते. एखादे मूल म्हणेल की मी तरुणीला वाचवीन, दुसरे म्हणेल की संग्रहालयातील माणसांना. त्या दोघांना ‘का?’ असे विचारण्यासाठी आपल्याला गेम खेळता येण्याची गरज नाही.

जेवणाच्या ताटावर असा एखादा ‘का?’ निघाला, तर मुलाला उत्तर द्यायला घाई करू नये. गेममध्ये उत्तरासाठी मोजके क्षण मिळतात. घरात तरी त्याला हवा तेवढा वेळ मिळावा.