न्यायालयांतील रिकामें बांक

अटकेची बातमी आमचीं जिल्हापत्रें पहिल्या पानावर, छायाचित्रासह छापतात. निकालाची बातमीहि तेथेंच येते. या दोहोंच्या मध्यें जीं वर्षें गेलीं, ज्या साक्षी व उलटतपासण्या झाल्या, ज्या तारखा पडल्या, त्यांचा मागमूस वाचकांस क्वचितच लागतो. आणि न्यायदान जें कांहीं होतें तें या मधल्या वर्षांतच होतें. पोलिसांनीं दिलेली हकीकत छापणें म्हणजे न्यायालयाचें वृत्त देणें नव्हे.

जळगांवचें घरकुल प्रकरण घ्या. २००६ सालीं फिर्याद झाली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं धुळ्याच्या विशेष न्यायालयानें माजी मंत्र्यांसह ४८ जणांस दोषी ठरविलें; सुरेश जैन यांस सात वर्षें कैद व १०० कोटी रुपये दंड झाला. पुढें वरिष्ठ न्यायालयांत अपिलें झालीं, तो विषय आज आमचा नाहीं. आमचा प्रश्न एवढाच कीं, पैसा गेला जळगांवच्या जनतेचा आणि खटला चालला धुळ्यास. रोजची मजुरी बुडवून जळगांवकरानें साक्षी ऐकण्यास इतक्या दूर जावें काय? त्याच्या वतीनें तेथें बसावयाचें तें बातमीदारानेंच.

यावर कांहीं सभ्य गृहस्थ म्हणतात कीं, निकालापूर्वीं साक्षी छापल्यानें निष्कारण अब्रू जाते. स्त्रियांवरील अत्याचाराचे खटले बंद दाराआड चालतात, तें सर्वथैव योग्य. परंतु हा आक्षेप घेणाऱ्यांस बहुधा काळजी असते ती प्रतिष्ठितांच्या व्यापाराची. १९६४ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत 'ब्लिट्झ'चे संपादक करंजिया यांजवरील अब्रुनुकसानीच्या दाव्यांत एका साक्षीदारानें हेंच गाऱ्हाणें मांडलें: आपली पूर्वींची साक्ष छापून आल्यानें धंद्यास खोट बसली. न्यायमूर्ति तारकुंडे यांनीं त्याची साक्ष छापूं नये असा तोंडी हुकूम केला. (हेच तारकुंडे पुढें नागरी स्वातंत्र्याचे खंदे कैवारी म्हणून गाजले!) 'ब्लिट्झ'चे बातमीदार नरेश मिरजकर सर्वोच्च न्यायालयांत गेले. १९६६ सालीं गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील नऊ न्यायमूर्तींपैकीं आठांनीं त्यांजविरुद्ध कौल दिला. एकटे हिदायतुल्ला वेगळे राहिले. मिरजकर हरले खरे. पण त्या बहुमतानेंहि उघडी सुनावणी हाच नियम आणि बंदी हा अपवाद, असेंच मानलें आहे.

मिरजकरांची लेखणी थांबविण्यास निदान न्यायमूर्तींचा हुकूम लागला. आमच्याकडे तितकीहि तसदी कोणास घ्यावी लागत नाहीं. ज्या वार्ताहरानें बातमीबरोबर जाहिरातीहि गोळा करावयाच्या, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या भरावयाच्या, त्यानें त्याच पुढाऱ्याच्या खटल्यांत दिवसभर बसून चार ओळींचें सत्य आणावें, ही अपेक्षाच हास्यास्पद होय. दोष त्या गरिबाचा नव्हे, मालकांचा आहे. आणि चहाच्या पेल्याहून स्वस्त वृत्तपत्र मिळावें म्हणून हट्ट धरणाऱ्या आमच्या सुशिक्षित वाचकांचाहि आहे. जाहिरातीच्या कामांतून मोकळा, पुरतें वेतन घेणारा, फिर्यादीपासून अपिलापर्यंत एकच खटला धरून बसणारा एक बातमीदार जळगांवास व एक धुळ्यास, इतकें तरी मालकांनीं येत्या वर्षांत करून दाखवावें. त्यासाठीं अंकामागें रुपया वाढवावा लागला तर खुशाल वाढवावा.