दुसऱ्याच्या तालात

बडी रिच म्हणजे जाझ ड्रमवादनातला दादा माणूस. वेग असा, की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं. लहानपणापासून रंगमंचावर वाढलेला, नोटेशन वाचता येत नसूनही भल्याभल्यांना भारी पडलेला. असा हा पन्नाशीला आलेला गृहस्थ १९६८ साली उस्ताद अल्लारखाँसाहेबांबरोबर ‘रिच आ ला राखा’ ही तबकडी करायला बसला. त्यातल्या काही रचना पंडित रविशंकरांच्या.

आता विचार करा मंडळी. एकीकडे हातात काठ्या, पायाशी मोठा ढोल, वर झांजा. दुसरीकडे बोटांनी बोलणारा तबला. जाझमध्ये बहुतेक हिशेब चार मात्रांचा, इथे दादरा, म्हणजे सहा.

कोणी म्हणेल, यात नेहमीचा तुफानी रिच कुठे आहे? बरोबर आहे. तबला ऐकू यायचा तर ड्रमला आवाज आवरावाच लागतो. माझ्या मते त्याचं मोठेपण तिथेच आहे. आपल्या अंगणात सगळेच राजे असतात. दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या मात्रा मोजायच्या, तर नाव झालेल्या माणसाला जास्तच अवघड.

आम्हा मास्तर मंडळींना हे नीट कळेल. आयुष्यभर फळ्यापुढे उभं राहिलं की बाकावर बसणं जड जातं. नातवाकडून काही शिकायचं म्हटलं की आपण ‘आता या वयात कशाला?’ म्हणून मोकळे होतो. त्यात वयापेक्षा मानाचीच अडचण जास्त असते.

असो. जमलं तर जरूर ऐका.