झापुक झुपूक आणि आपण

मंडळी, ६ ऑक्टोबर २०२४ ला ‘बिग बॉस मराठी’चं पाचवं पर्व संपलं, तेव्हा शेवटी दोघंच उरले होते. एक अभिजीत सावंत, २००५ सालचा पहिला ‘इंडियन आयडॉल’. गोड गळा, नीटनेटकं बोलणं. दुसरा बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण. आईवडील लहानपणीच गेलेले, शाळा अर्धवट, आणि भांडवल काय, तर टिकटॉकवरचे अतरंगी हावभाव आणि ‘झापुक झुपूक’! जिंकला सूरज.

इथे साउथहॅम्प्टनात आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत तेव्हा “काय ही अभिरुची!” असाच सूर होता. पण हा सूर काही नवा नाही बरं का. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’लाही नाकं मुरडली गेली होती. दादरचं ‘कोहिनूर’ थिएटर मिळवायला बाळासाहेब ठाकऱ्यांना मध्ये पडावं लागलं. पुढे याच दादांचे नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले आणि गिनीज बुकात नोंद झाली.

सूरजचं मात्र तसं झालं नाही. एप्रिल २०२५ मध्ये केदार शिंदेंनी त्याला नायक करून ‘झापुक झुपूक’ चित्रपट काढला. पटकथा, नाच, गाणी, सगळं रीतसर. तरी तो चालला नाही. माझ्या इंजिनियरी डोक्याला वाटतं ते असं: खरखर घालवायला आपण फिल्टर लावतो, पण इथे लोक त्या खरखरीसाठीच येत होते. शिवाय फोनसमोर काय करायचं ते सूरज स्वतः ठरवायचा; सिनेमात ते दुसऱ्यांनी ठरवलं. दादा ‘सोंगाड्या’चे निर्माते स्वतःच होते, आणि त्याआधी ‘विच्छा माझी पुरी करा’चे प्रयोग करून प्रेक्षक ओळखून बसले होते. नुसता ओबडधोबडपणा पुरत नाही. लगामही आपल्याच हातात लागतो.

आता म्हणाल, याचा आपल्या मंडळाशी काय संबंध? सांगतो. गणपतीच्या कार्यक्रमात आपण मुलांकडून महिनाभर वाक्यं घोकून घेतो. ‘ळ’ चुकला की विंगेतून आईचे डोळे मोठे होतात. बारा-तेराव्या वर्षी ही मुलं स्टेजवर यायचीच बंद होतात. आणि तीच मुलं घरी मोडक्यातोडक्या मराठीत आजीची अशी नक्कल करतात की पोट धरून हसावं! ती मराठी आपण स्टेजवर येऊच देत नाही.

म्हणून एक सुचवतो. येत्या गणपतीत वीस मिनिटं मुलांच्या ताब्यात द्यावीत. संहिता नको, तालीम नको, विंगेत आईबाबा तर नकोतच. एखादा मुलगा “मी शाळेत गेली” म्हणाला, तरी कोणी मध्येच दुरुस्त करायचं नाही. त्याचं बोलणं पुरं होऊ द्यायचं.

बघा पटतंय का. पटलं तर कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा; मी अनुमोदन द्यायला येतोच आहे.