डोंबाचं पुढं काय झालं?

मूकपटांचं कौतुक निघालं की एक किस्सा हमखास ऐकवला जातो. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, कोठ्यावरच्या बायकासुद्धा नाही म्हणाल्या. मग ग्रँट रोडच्या हॉटेलात राबणारा अण्णा साळुंके तारामती झाला. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम पण तोच अन् सीता पण तोच. बघा म्हणे, कोण कुठला हॉटेलातला गडी, देव झाला! पडदा सगळ्यांना मोकळा होता!

मोकळा? नुसते चेहरे मोजून भागत नाही. गोष्ट कुणाची ते बघा.

आपल्याकडची परीकथा म्हणजे पुराणकथा. शाप, वर, उडणारा मारुती. त्यातलीच ही हरिश्चंद्राची. राज्य गेलं, बायको-पोर विकलं, तरी सत्त्वपरीक्षेची सगळ्यात खालची पायरी कुठली? मसणवट्यात डोंबाची चाकरी. स्वतःच्या पोराचं मढं घेऊन आलेल्या बायकोकडं मढ्यावरचं कापड मागणं. इथं पब्लिक रडतं.

मी आसगावचा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. मढ्यावरचं कापड हा महाराच्या बलुत्यातला हक्क. माझ्या आज्यानं ते घेतलं, घरात ते वापरलं. त्याच्यासाठी कोण रडलं? राजानं चार दिवस भोगलं तर परीक्षा, आम्ही पिढ्यान् पिढ्या भोगलं तर धर्म! अन् लबाडी बघा, पुराणातला तो चांडाळ शेवटी साक्षात धर्मच निघतो, वेष पालटून आलेला. म्हणजे मसणातली जागा आमची, पण तिथंही माणूस आमचा नाही. शंकर प्रसन्न, राजा परत गादीवर. खऱ्या डोंबाचं पुढं काय झालं, हे कुणी विचारलंच नाही.

फाळक्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी १९१८ ची, नाशिकची. त्याच नाशकात २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. पडद्यावरच्या रामाला लोक हात जोडत होते म्हणतात. देवळातला राम बघायला निघालेल्या आमच्या माणसांवर दगड पडले.

पडद्यावर आलेल्या आमच्या बाईवर काय पडलं? मूकपटांच्याच जमान्यात जे. सी. डॅनियलनं मल्याळी मुलखातला पहिला चित्रपट काढला, 'विगतकुमारन'. पी. के. रोझी ही दलित बाई त्यात नायर बाई झाली. त्रिवेंद्रमच्या सवर्ण प्रेक्षकांना ते सोसलं नाही. पडद्यावर दगड, रोझी परागंदा. हॉटेलातला गडी सीता झालेला चालतो, पण दलित बाई नायरीण झालेली खपत नाही. हा तुमचा मोकळा पडदा!

काशीच्या डोंबाच्या पोराला नाव-गाव, कॉलेज अन् प्रेम मिळालं ते २०१५ साली, नीरज घायवानच्या 'मसान'मध्ये. हरिश्चंद्रानंतर १०२ वर्षांनी. 'राजा हरिश्चंद्र'ची उरलीसुरली रीळं सरकारनं जपून ठेवलीत. जरूर बघा. बघताना शेजारच्याला एवढं विचारा, राजा गादीवर गेल्यावर मसणात लाकडं कोण रचत होतं?