श्वासाची नळी तुंबते तेव्हा

घरातले माणूस आयसीयूत व्हेंटिलेटरवर असले की आपले सारे लक्ष यंत्राच्या आकड्यांकडे लागते. पण यंत्राची हवा आत जाते ती तोंडातून घातलेल्या एका नळीतून. मोठ्या माणसाच्या या नळीचा आतला व्यास साधारण ७ ते ८ मिलिमीटर असतो, म्हणजे करंगळीहूनही बारीक. ती तुंबली तर लाखांचे यंत्र असूनही उपयोग नाही. म्हणून या नळीची माहिती प्रत्येक कुटुंबाला असावी, असे आम्हाला वाटते.

नळी तुंबते कशाने? आपले नाक श्वासाची हवा गरम आणि ओलसर करून आत सोडते. नळी घातली की हवा नाकातून जातच नाही. पाइपमधला ऑक्सिजन तर अगदी कोरडा. त्यामुळे कफ सुकतो, घट्ट होतो आणि नळीला आतून चिकटत जातो. कधी रक्ताची गुठळी अडकते, कधी नळी वाकते, कधी रुग्ण ती दातांनी चावतो. नळीचा व्यास निम्मा झाला, तर हवेला होणारा अडथळा निदान १६ पटींनी वाढतो.

म्हणून हवेला ओलावा द्यावा लागतो. त्यासाठी गरम पाण्याचे भांडे जोडतात किंवा नळीच्या तोंडाशी छोटा फिल्टर बसवतात. २०२० च्या कोरोना साथीत नळ्या तुंबण्याचे प्रकार अनेक देशांतील डॉक्टरांना जास्त आढळले.

दुसरा उपाय सक्शनचा. सिस्टर बारीक नळी आत घालून कफ ओढतात, तेव्हा रुग्ण खोकतो, डोळ्यांतून पाणी येते. नातेवाइकांना वाटते, माणसाचे हाल चालले आहेत. काही जण सिस्टरशी भांडतात. तसे करू नका. हे काम साधारण १५ सेकंदांच्या आत उरकतात, आणि त्यानेच श्वासाची वाट मोकळी राहते.

नळी तुंबू लागली की यंत्राचा दाब वाढून अलार्म वाजतो, ऑक्सिजनचा आकडा उतरतो, छाती नीट हलत नाही, रुग्णाला घाम फुटतो. असे दिसताच लगेच सिस्टरला हाक मारा. डॉक्टर यंत्र सोडवून हाताने फुगा दाबू लागले तर घाबरू नका. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने असाच फुगा दाबून कित्येक रुग्ण जगवले. सक्शनची नळी आत सरकतच नसेल, तर जुनी नळी काढून नवी घालावी लागते. तिथे मिनिटांचा प्रश्न असतो. अशा वेळी बाजूला व्हा, वाट द्या.

आपण काय करावे? ओठ सुकलेले पाहून माया म्हणून पाण्याचा घोट पाजू नका. नळी स्वतः सरळ करायला जाऊ नका. हवेला ओलावा मिळतो ना, कफ घट्ट आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. गळ्याला भोक पाडून नळी बसवलेला रुग्ण घरी आणायचा असेल, तर आतली नळी कशी धुवायची हे सुट्टीआधीच सिस्टरकडून शिकून घ्या. घरातल्या निदान दोघांनी शिकावे.

नळी स्वरयंत्रातून जाते, म्हणून रुग्णाला बोलता येत नाही. पण शुद्धीवर असेल तर ऐकू येते. त्याला पाटी-पेन्सिल द्या. लिहिता येत नसेल, तर 'हो'साठी हात दाबायला सांगा. जीव गुदमरतोय, हे त्याला कुणाला तरी सांगता आले पाहिजे.