मोजायला गेलं कोण?

दिवाळीची रात्र अमावास्येची. नंदुरबार-शहाद्यात रोषणाई आणि धूर यांत तारे हरवतात. पण तोरणमाळच्या पठारावर आकाश निरभ्र असेल, तर रात्री नऊ-दहाला डोक्याच्या वर, जरा उत्तरेकडे एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ती देवयानी दीर्घिका. तिथून निघालेला उजेड इथे पोचायला सुमारे 25 लाख वर्षं लागतात, म्हणजे ती सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं दूर आहे.

बहुतेक लेख हा आकडा देऊन पुढे जातात. पाड्यावरची एखादी आजी मात्र विचारेल, मोजायला गेलं कोण?

गेलं कुणीच नव्हतं. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांना 1923 मध्ये या दीर्घिकेत ठरावीक दिवसांनी उजळणारा आणि मंदावणारा तारा सापडला. अशा ताऱ्यांची लय जितकी संथ, तितकं त्यांचं तेज जास्त, हा नियम खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांनी आधीच शोधला होता. दिवा किती वॅटचा हे ठाऊक असलं, की तो किती मिणमिणता दिसतो त्यावरून त्याचं अंतर काढता येतं. हबल यांनी तेच केलं. त्यांचं पहिलं उत्तर 9 लाख प्रकाशवर्षांच्या आसपास, म्हणजे बरंच कमी होतं. हा चुकलेला आकडाही वाचकाला सांगायला हवा. विज्ञान कसं चालतं, हे त्याच्यातून अधिक कळतं.

आकडा पुढे आणि मोजायची रीत मागे, हे आपल्या जवळच्या विज्ञानाबाबतही होतं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारने 2023 मध्ये तिच्यासाठी सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येक 4 किलोमीटर लांब. दोन्हींत लेसरचा किरण आरशांवरून परत येतो. गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच ताणणारा-आखडवणारा तरंग, गेली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी आखडते. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी अशी लहर प्रथम टिपली, तेव्हा हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी होता. लहर आली कुठल्या दिशेने, हे नेमकं ठरवायला त्यांच्यापासून दूर आणखी एक वेधशाळा हवी. हिंगोलीचा संबंध आहे तो इथे. पण बातम्यांत कोटींचा आकडा ठळक, भुजांचं काम एका ओळीत.

आजीसारख्या प्रश्नांना मान देणारेही होते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (निधन 20 मे 2025) मुलांना नुसती स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा म्हणत. उत्तर आणि सही दोन्ही टपालाने येई. पुण्यात ‘आयुका’ ही खगोलविज्ञान संस्था उभारणाऱ्या शास्त्रज्ञाला यासाठी सवड मिळे, हे विशेषच. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीपाशीही विज्ञान दिनाला शाळकरी पोरांची जत्रा भरते, प्रश्न थेट शास्त्रज्ञांना विचारले जातात.

सातपुड्यात या प्रश्नोत्तरांना आणखी एक पदर आहे. धडगाव-अक्कलकुव्यातल्या पुष्कळ मुलांच्या घरी भिली किंवा पावरी बोलतात; शाळेत मराठीच त्यांना नवी. तेव्हा छापील मराठी लेखाने काम अर्धंच होतं. उरलेलं आश्रमशाळेच्या अंगणात, तोंडी, त्यांच्या बोलीत करावं लागेल. म्हणून या अंकाच्या वाचकांना संपादक मंडळाची एक विनंती: भौतिकशास्त्राविषयीचे प्रश्न पोस्टकार्डावर पाठवा. भिली, पावरी, मावची, अहिराणी, कुठलीही बोली चालेल. उत्तरं पुढच्या अंकात, त्याच बोलीत आणि शेजारी मराठीत छापली जातील.